मोकळी जागा

भाड्याने घर शोधायला निघाले तेव्हा माझ्यात दोन उणिवा होत्या. एक म्हणजे मी एकटी होते, आणि दुसरी म्हणजे माझ्याकडे कुत्री होती. यातली कोणती आधी सांगायची हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. एकटी असल्याचं आधी सांगितलं की समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसायचा आणि "मिस्टर बाहेरगावी असतात का?" असं विचारायचा. कुत्रीचं आधी सांगितलं की तो उठून उभाच राहायचा. दोन्ही एका दमात सांगून टाकलं तर तो माझ्याशी न बोलता एजंटकडे बघायचा आणि एजंट माझ्याकडे रागाने बघायचा.

भिवंडीजवळ मानकोली नाक्याच्या आसपास भाताच्या खाचरांत भराव टाकून गोदामं उभी राहत होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमच्या कंपनीने नाशिकचं गोदाम बंद केलं आणि सगळा माल मानकोलीला हलवला. मी स्टॉक बघायची, म्हणून मालाबरोबर मीही हलले. बदली नाकारता आली असती, पण मला ती हवी होती. नवऱ्यापासून मी नुकतीच वेगळी झाले होते. त्याने काढलं नव्हतं, मीच निघाले होते. लोकांना हे दोन वेगळे प्रकार आहेत हे पटत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. घर त्याच्या वडिलांचं होतं, ते अर्थातच त्याच्याकडे राहिलं. मी कपडे, शिलाई मशीन आणि कुत्री घेऊन बाहेर पडले.

कुत्री साधी गावठी होती. पिल्लू असताना रस्त्यावरून उचलून आणलेली, तपकिरी, एक कान कायमचा दुमडलेला. सात वर्षं ती माझ्या पायाशी झोपली. तिला नाव होतं, पण ते इथे लिहीत नाही. त्या नावाने तिला हाक मारणारी माणसं जगात दोनच होती आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

निघताना तो दारापर्यंत आला होता. भांडण वगैरे काही नाही. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तिला मोकळी जागा लागते. भाड्याच्या खुराड्यात तिचे हाल करू नकोस. नाही जमलं तर परत आणून दे, इथे अंगण आहे." आम्ही संसार केला त्या सगळ्या वर्षांत त्याने मला कधी आवाज चढवून काही सुनावलं नाही, आणि जे जे माझ्या जिव्हारी लागलं ते सगळं त्याच्या याच मऊ आवाजातलं होतं. "नाही जमलं तर." त्या तीन शब्दांचा मला इतका राग आला की भिवंडीत मी घर माझ्यासाठी शोधलंच नाही. मी त्याचं वाक्य खोटं पाडायला घर शोधत होते. कुत्री परत द्यायची वेळ आली असती तर मी सगळंच हरले असते, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

कंपनीने माझी सोय तात्पुरती एका लॉजवर केली होती. तिथे कुत्री नेता येईना, म्हणून ती गोदामाच्या गेटवर वॉचमनच्या केबिनमध्ये राहायची. मी सकाळी आले की ती माझ्या अंगावर उड्या मारायची आणि मी संध्याकाळी निघाले की केबिनच्या खिडकीतून बघत बसायची. हे फार दिवस चालणार नव्हतं. साहेबांनी एकदा हसत हसत विचारलं होतं, "मॅडम, हिला पण पगारावर घेतलंय का?" असं हसत विचारलेलं पुढच्या खेपेला हसत विचारत नाहीत.

आधी मी शहरातच बघितलं. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने मला नियम वाचून दाखवले. कुत्र्यांबद्दल त्यात काही नव्हतं. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "लिहिलं नाही, कारण आजवर कोणी विचारलं नाही." मग एजंटने मला नारपोलीत एका म्हाताऱ्या बाईंकडे नेलं. पिढ्यान् पिढ्या भिवंडीत असलेलं कोकणी मुसलमान कुटुंब, पूर्वी स्वतःचे लूम, म्हणजे यंत्रमाग होते, आता मुलगा दुबईला. वरच्या मजल्यावरची एक खोली आणि मोरी त्यांना भाड्याने द्यायची होती. त्यांनी मला बसवलं, बशीतून चहा दिला. दोन्ही बाजूंना लूम चालू होते. भिंत बारीक थरथरत होती आणि बशीतला चहासुद्धा.

"एकटी हायस? मग काय झाला?" त्या म्हणाल्या. "आमचे गेले तवापासून मी पन एकटीच हाय."

मला धीर आला आणि मी कुत्रीचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"बेटा, कुत्रा घरात नाय चालायचा. आमी नमाज पढतो. त्याची लाळ कपड्याला लागली तर सगला परत धुवायचा. तुला वाईट वाटंल, पन आत्ताच बोलते, मागून कटकट नको." आणि मी उठायच्या आत पुढे म्हणाल्या, "मागं शेड हाय. लूम विकले, खाली पडलाय. गल्लीतून दार हाय त्याला. तिथं ठेव तिला. तू जा, तिच्याजवल बस, खायला घाल, कोन काय नाय बोलनार. फक्त जिन्यावरून वर नाय आणायची."

मी शेड बघायला गेले. तेलाने काळ्या झालेल्या भिंती, जाळ्यांत अडकलेला कापसाचा भुसा, उंचावर एक गजांची खिडकी. बाजूच्या शेडमधला खटखटाट इथे भिंतीतून आरपार येत होता. मी तिथे उभी राहिले आणि मला नाशिकच्या दारातलं ते वाक्य ऐकू आलं. यालाच तो खुराडं म्हणाला असता. मी बाईंना कळवते म्हणून सांगितलं. "कळव," त्या म्हणाल्या. त्यांनी ना आग्रह केला ना नाक मुरडलं. एजंट मात्र रिक्षात म्हणाला, "मॅडम, इतकं कोण देतं सांगा? तुमचं काय बॉ लॉजिकच कळत नाय."

माझं लॉजिक मोकळ्या जागेचं होतं. आमच्या गोदामातला हमालांचा मुकादम गणेशपुरीच्या बाजूचा होता. तो म्हणाला, "ताई, शहरात कुठं मरताय? आमच्याकडं बघा." रविवारी मी त्याच्याबरोबर गेले. एसटीतून उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे आवाज नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेला, पलीकडे नदी, गणेशपुरीच्या आश्रमाकडे जाणाऱ्यांच्या एकदोन गाड्या, बाकी शांत. मुकादमाच्या ओळखीच्या एका आगरी घराची मागची बाजू भाड्याने द्यायची होती. घरमालकाने रस्त्याकडची थोडी जमीन विकून नवं स्लॅबचं घर बांधलं होतं आणि एक टेम्पो घेतला होता. दोन खोल्या, वेगळं दार, आणि दारासमोर केवढं तरी मोठं सारवलेलं खळं.

"माझ्याकडे कुत्री आहे. चालेल ना?" मी विचारलं.

"चालंल की. गाव हाय ताई, हितं कुत्र्याला कोन न्हाय बोलतो? मोकलं हाय सगलं."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "मादी हाय का?"

"आसूंदे," तो म्हणाला.

त्या "आसूंदे"ने मी भारावून गेले. मला वाटलं, ही खरी माणसं. नारपोलीच्या बाईंना मी फोन करून नाही म्हणून सांगितलं आणि त्यांच्यापेक्षा मोठ्या मनाची माणसं मिळाली याचा थोडा तोराही त्या फोनवर दाखवला असेन. "आसूंदे" म्हणजे "हो" नव्हे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आत्तापुरतं राहू द्या, पुढचं पुढे बघू, एवढाच त्याचा अर्थ. नाही म्हणणं तिथे उद्धटपणा समजतात. मग नाही म्हणायचं राहून जातं आणि नाही करणं तेवढं उरतं.

पहिल्याच दिवशी दादाने, म्हणजे घरमालकाने, बाजारातून नवी साखळी आणली. पैसे घेतले नाहीत. "कोंबड्या हायत ना," एवढंच म्हणाला. तोवर आयुष्यात तिला कधी बांधलं नव्हतं. पण कोंबड्यांचं म्हणणं रास्त होतं, मी काय बोलणार? मी सकाळी लवकर निघायची, एसटीने भिवंडी, तिथून सहा आसनी रिक्षाने मानकोली. परत येईपर्यंत अंधार पडलेला असायचा. तेवढा सगळा वेळ ती खळ्यात खुंटीला. चारी बाजूंना नजर पोचेल तिथवर मोकळी जागा, आणि मधोमध साखळीच्या लांबीएवढं गोल, तिच्या चालण्याने सारवण उखडलेलं. मी रोज निघताना सांगायची, "वहिनी, दुपारी जरा सोडत जा हो तिला." वहिनी म्हणायची, "हां ताई, बघू."

रात्री मी तिला घरात घ्यायची. एकदा वहिनीने खिडकीतून तिला माझ्या अंथरुणावर पाहिलं.  पूर्वी ती मला वाटीतून कालवण आणून द्यायची आणि रिकामी वाटी माझ्या हातून घ्यायची. त्या दिवसानंतर म्हणायची, "ठेवा तिकडं ओट्यावर." मग ती वाटी ओट्यावरच राखेने घासून मग घरात न्यायची. मी हे पाहत होते आणि तरीही नारपोलीच्या बाई सोवळ्याच्या आणि ही माणसं साधी, असंच मनात घोकत होते.

मग एक दिवस साखळी निसटली आणि तिने कोंबडी धरली. मी पैसे पुढे केले. दादाने हात जोडले, "ताई, लाजवू नका." पैसे घेतले असते तर विषय तिथेच मिटला असता. ज्याचे पैसे घेतले जात नाहीत ते मनात राहतं, हे कळायला मला मूर्खासारखं गावात येऊन राहावं लागलं.

त्यानंतर ती माजावर आली. शहरातल्या घरात दार लावून हे निभावलं होतं. इथे गावातले आणि शेजारच्या पाड्यांतले सगळे कुत्रे खळ्याभोवती येऊन बसले. भांडणं, केकाटणं, दिवसभर तमाशा. दादाच्या दोन मुली शाळेतून येताना मान खाली घालून घरात शिरायच्या. रस्त्यावरून जाणारे पुरुष मोठ्याने हसायचे आणि हसताना नुसत्या कुत्रीकडे बघायचे नाहीत, माझ्या दाराकडेही बघायचे. वहिनी एकदाच बोलली, तीसुद्धा माझ्याकडे न बघता, "म्हनून मादी कोन पालत न्हाय."

दहाबारा दिवसांनी कुत्रे पांगले. मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी एसटी गाठायला घाईने निघाले होते, तेवढ्यात दादा टेम्पो पुसता पुसता म्हणाला, "ताई, सोडू का आता हिला?"

मी चालता चालताच म्हटलं, "सोडा ना. मी कधीची सांगतेय."

तो म्हणाला, "मंग ठीक हाय." त्याच्या आवाजात मोकळेपणा होता. इतक्या दिवसांनी त्यांची अढी गेली म्हणून मला बरं वाटलं. त्या दिवशी एसटीत मी चक्क खुशीत होते.

संध्याकाळी परत आले तर साखळी गुंडाळून खुंटीवर नीट टांगलेली होती. तिचं ताट घासून पालथं घातलेलं. खळं नव्याने सारवलेलं, तिचं ते गोल दिसत नव्हतं.

"वहिनी, कुठेय ती?"

"सोडली ना."

"हो, पण गेली कुठे?"

वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. मग दादा बाहेर आला. "सोडली ताई. लांब सोडली, वाडा गावाच्या रोडला. गोनीत घालून नेली, वाट दिसली तं परत येतात ना. धाबा हाय तिथं, खायला भेटंल तिला. मुद्दाम धाब्याजवल सोडली." आणि माझा चेहरा बघून म्हणाला, "तुमीच तं बोल्ल्या सकाली. रोजच बोलत होत्या, सोडा, सोडा. आमी म्हनलं ताईंचा जीव होत न्हाय सोताच्या हातानं."

मी मराठीच बोलत होते. तोही मराठीच बोलत होता. माझ्या घरात जनावर सोडायचं म्हणजे दाव्यातून सोडायचं, फिरून परत यायला. त्याच्या घरात नको झालेलं मांजर, माजावर येणारी कुत्री, उपद्रवी झालेला बोका सोडायचा म्हणजे गोणीत घालून परत न येण्याइतका लांब नेऊन सोडायचा. त्यांच्याकडे जीव मारत नाहीत, सोडतात. यात ते स्वतःला दयाळू समजतात आणि त्यांच्या हिशेबाने ते आहेतही. सगळ्या गावाला कळलं असतं असं वाक्य मी दीड महिना रोज सकाळी बोलत होते, आणि मला एकटीलाच त्याचा अर्थ माहीत नव्हता.

की त्याला माझा अर्थ कळला होता आणि त्याने सोयीचा तेवढा ऐकला? यावर माझं मत अजून बदलत असतं. ज्या दिवशी मन जरा बरं असतं त्या दिवशी मी त्याला संशयाचा फायदा देते. तसे दिवस फार येत नाहीत.

त्याने खळखळ न करता लगेच टेम्पो काढला. आम्ही धाब्यावर गेलो. तिथे नव्हती. मी रस्त्यावर उभी राहून तिला नावाने हाका मारल्या, आणि ट्रकवाले हसले. दादा टेम्पोतच बसून होता, त्याला लाज वाटत होती. माझी की स्वतःची, ते मी विचारलं नाही. नंतरचे रविवार मी एकटी एसटीने गेले. धाबेवाला एकदा म्हणाला, "लाल पट्टेवाली ना? दो दिन थी इधर. खाती नहीं थी. जो भी टेम्पो आता, उसके पीछे भागती थी. फिर दिखी नहीं." तो पट्टा मीच तिच्या गळ्यात घातला होता. त्यानंतरही मी गेले. पाड्यांत, नदीकाठी, वज्रेश्वरीच्या बाजारात विचारलं. एका कुत्रीसाठी एवढं, असं लोकांच्या तोंडावर यायचं आणि माझं वय बघून ते गिळून टाकायचे.

वहिनीने एकदा समजूत घातली. "ताई, आता नर आनू. माझ्या भावाकडं पिल्ली हायत."  तिने ओट्यावरून वाटी उचलली आणि बऱ्याच दिवसांनी ती थेट माझ्या हातात दिली. मी पुन्हा शुद्ध झाले होते. मला इतका संताप आला की ते कालवण मी तिच्या पाठीमागे खळ्यात ओतलं, आणि कोंबड्यांनी ते खाल्लं.

महिना संपायच्या आत मी नारपोलीला गेले. खोली अजून रिकामी होती. म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं आणि आधी माझ्या पायांशी, मग गल्लीत बघितलं.

"कुत्री?"

"नाही आता."

"मेली?"

"माहीत नाही."

त्यांनी पुढे विचारलं नाही. चावी दिली. लूमच्या आवाजाची सवय व्हायला वेळ लागतो म्हणतात, मला लागला नाही. त्या आवाजात निदान कोणी गोड बोलत नव्हतं. मागच्या शेडमध्ये पुढे कोणी सुताच्या गोण्या ठेवायला लागलं. गल्लीतून जाताना त्या दाराकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि रोज बघायची. गजांची खिडकी, तेलकट भिंती, आणि कडी लावता येणारं एक दार. तिच्याजवळ बसायला कोणाची परवानगी लागली नसती. हे सगळं त्या बाईंनी पहिल्याच दिवशी, चहा संपायच्या आत, देऊ केलं होतं.

दिवाळीच्या आधी नाशिकहून त्याचा फोन आला. मी गोदामात रॅकजवळ उभी होते, हातात पेन होतं. त्याने माझी चौकशी केली नाही. पहिल्यांदा तिचीच केली, आणि त्यात त्याची चूक नव्हती. तिला उचलून आणणारा तोच होता.

"फटाके सुरू झाले असतील ना तिकडे? पलंगाखाली घे तिला. कशी आहे?"

मेली म्हणून सांगता आलं असतं. हरवली म्हणता आलं असतं, ऑफिसात मी तेच सांगितलं होतं. पण एवढ्या दिवसांत मी ती हकीकत मनात इतक्यांदा घोळवली होती की तोंडातून तोच शब्द आधी आला.

"सोडली," मी म्हटलं.

गावातल्या माणसाने, गोणीत घालून, मी कामावर गेलेली असताना, हे सगळं त्या शब्दामागून यायचं होतं. मी हातातलं पेन आधी रॅकवर ठेवलं.  तेवढ्यात तो त्या मऊ आवाजात म्हणाला, "बरोबर आहे. तुला सोडता येतं."

आणि त्याने फोन ठेवला. मी त्याला परत लावला नाही. सगळी हकीकत सांगून त्याला खोटं पाडता आलं असतं, पण त्याच्या वाक्यातलं एक अक्षर बदलता आलं नसतं.